हळूबाईंचं पाऊल

संशोधन संस्थेच्या तळघरात उतरणाऱ्या जिन्याशी एक लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर जाड लोकरी तळव्यांच्या सपाता ओळीने ठेवलेल्या असत. खाली जायचं तर बूट इथे काढायचे, सपाता चढवायच्या आणि चोरासारखं चालायचं. संचालकांनासुद्धा यातून सूट नव्हती. हिशेबनीस तर देहाने असे भरभक्कम, की त्यांना सपाता घालूनही खाली यायची बंदी होती. ते जिन्याच्या वरच्या पायरीवरून कागद सोडत आणि खालच्या प्रयोगशाळेच्या बाई ते ओंजळीत झेलत.

"हळू हो, हळू," एवढंच बाई म्हणत. आवाज कधी चढला नाही. पण दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की सगळी संस्था त्यांना पाठीमागे हळूबाई म्हणू लागली. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना वाटे, नाव ठेवलंय ते काही खोटं नाही.

तळघराच्या शेवटच्या खोलीत त्यांचं सूक्ष्मदर्शक होतं. त्याला भिंग नव्हतं, सुई होती. सुईचं टोक धातूच्या पृष्ठभागाला टेकत नसे, पण मधल्या फटीत जेमतेम दोन-चार अणू मावतील इतकं जवळ जाई. त्या फटीतून वीज झिरपे, आणि त्या झिरपण्यावरून बाईंना एकेक अणू दिसे. नुसता दिसे असं नाही, सुईने ढकलून सरकवताही येई. बाईंची उमेदीची सगळी वर्षं एका अणूला दोन खळग्यांमध्ये नीट बसायला शिकवण्यात गेली होती. इकडच्या खळग्यात बसला की वीज वाहणार, तिकडच्या खळग्यात गेला की थांबणार. दिव्याचं बटण असतं तसंच, पण एका अणूचं.

ऐकायला सोपं. पण वर कुणी खुर्ची सरकवली तरी सुई थरथरे, आणि अणू रुसलेल्या जावयासारखा उठून कुठेतरी निघून जाई.

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्याआधी तज्ज्ञांची समिती यायची होती. तिच्यासमोर बटण चाललं तर प्रयोगशाळा टिकणार, पुढे कुणीतरी काम चालवणार. नाही चाललं तर यंत्र भंगारात आणि खोलीत हिशेबखात्याची कपाटं. कपाटांची मापं घेऊनही झाली होती.

पावलांचा हादरा ओळखायला खोलीबाहेर जमिनीत एक कंपनमापक पुरलेला होता. बोळात कुणी चाललं, की खोलीतल्या पडद्यावरची सरळ रेघ उचलली जाई. इतकी वर्षं पाहून पाहून बाईंना रेघेवरून माणूस ओळखू येई. संचालक म्हणजे तुरुतुरु टेकड्या, मध्येच फोन आला की मुक्काम. झाडणाऱ्या मावशी म्हणजे लांब लांब लाटा.

या बाबतीत बाईंची चढाओढ फक्त सासूबाईंशी होती. सासूबाईंची नजर गेली होती. घरी पुढच्या खोलीतल्या पलंगावर बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलावरून ओळखत. बाईंनी दाराबाहेर पाऊल ठेवलं रे ठेवलं, की आतून हाक येई, "आलीस का गं?" इतक्या वर्षांत ती हाक एकदाही चुकली नव्हती.

"तुझं ते यंत्र असू दे तिकडे," सासूबाई म्हणत, "माझ्या कानांना वीज लागत नाही."

पहिल्यांदा ते पाऊल आलं तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी होती. तळघर रिकामं. खोलीत बाई आणि पंपवाले, दोघंच. यंत्रातली हवा उपसणारे पंप सांभाळतात म्हणून ते पंपवाले. बाईंबरोबरच त्यांचेही केस पांढरे झाले होते. अणू खळग्यात बसत आला होता, आणि रेघ हलली. एक पाऊल. मग दुसरं, जरा रेंगाळलेलं, उंबऱ्यावर काही विसरून आल्यासारखं.

अणू गेला.

"कोण आहे हो बाहेर?"

पंपवाल्यांनी दार उघडलं. पांढऱ्या दिव्यांखाली बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. "कुणी नाही बाई. उंदीर असेल."

"उंदीर दोन पायांवर चालत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच सुट्टीत पावलं पुन्हा आली. बाईंच्या लक्षात आलं ते वेगळंच. काल ती जिन्यापासून निघून पहिल्या दाराशी थांबली होती. आज ती पहिल्या दारापासूनच निघाली आणि दुसऱ्या दाराशी थांबली. आली होती, पण परत गेली नव्हती.

बाईंनी मग सगळ्या संस्थेला रांगेने बोळात चालायला लावलं. संचालक चालले. मावशी चालल्या. पहारेकरी छाती काढून चालला. शेवटी हिशेबनिसांनाही बोलावणं गेलं.

"आयुष्यात पहिल्यांदा खाली यायला मिळालं हो बाई!" ते बोळभर कौतुकाने बघत म्हणाले. "छान गार आहे की. कपाटं मस्त राहतील इथे."

रेघेवर डोंगररांग उठली. पण कुणाचीच चाल जुळेना. आणि पावलं रोज एकेक दार जवळ येत राहिली.

त्या संध्याकाळी चहा घेताना बाईंनी सहज पलंगाच्या लाकडावर बोटांनी तो ठेका धरला. एक ठोका. मग दुसरा, रेंगाळलेला.

"ओळखा बघू, कोणाची चाल?"

सासूबाईंनी कान दिला आणि हसल्या. "म्हातारीला वेड्यात काढतेस होय गं? तुझीच की."

बाईंच्या हातातली बशी कलली.

खरंच, साऱ्या संस्थेची चाल त्यांना पाठ होती, फक्त स्वतःची सोडून. यंत्र चालू असताना त्या कधी चालल्याच नव्हत्या. यंत्रासमोर बसून असत. दुसऱ्या दिवशी पंपवाल्यांना पडद्यासमोर बसवून त्या बोळात जाऊन आल्या. पंपवाल्यांनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी लावल्या आणि चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "आम्हाला सगळ्यांना एवढं दटावता. एकदा स्वतःलाही जरा दटावून बघा ना."

बाईंना हसू आलं. हसता हसता त्यांनी उरलेली दारं मोजली.

समितीचा दिवस उजाडला. आता फक्त शेवटचं दार उरलं होतं. समिती नेमकी जेवणाच्या सुट्टीतच आली. भारदस्त माणसं, आणि पायांत गुबगुबीत सपाता. त्यांना आत खुर्च्यांवर बसवून, "हलू नका हं," असं बजावून बाई क्षणभर बाहेर आल्या. दाराशेजारी त्यांनी एक स्टूल ठेवलं.

बोळ रिकामा होता. बाईंनी आवाज आणखी खाली आणला.

"मी इतकी वर्षं आत बसून, तू बाहेर उभी; दमली असशील. आत नको येऊस. इथे बस."

आणि दार लावून त्या यंत्रासमोर बसल्या.

सुई खाली आली. अणू सापडला.

रेघ हलली. एक पाऊल. दुसरं, रेंगाळलेलं. पंपवाल्यांनी डोळे मिटले.

दाराबाहेर स्टूल करकरलं.

रेघ सरळ झाली. इतकी सरळ, की बाईंनी तशी कधी पाहिली नव्हती.

अणू इकडे बसला. वीज वाहिली. अणू तिकडे गेला. वीज थांबली. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. शहाण्या बाळासारखा. समितीचे हात टाळ्यांसाठी वर गेले, तशी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग त्या सगळ्या भारदस्त माणसांनी हवेतच, आवाज न करता टाळ्या वाजवल्या. हिशेबनीस जिन्याच्या वर कपाटांसाठी हळहळत उभे होते.

समिती गेल्यावर बाई पाणी प्यायला बोळाच्या टोकापर्यंत गेल्या. स्टूल रिकामंच होतं. परत आल्या तेव्हा पंपवाले पडद्याकडे बघत होते.

"बाई, तुम्ही गेला होतात ना आत्ता?"

"गेले, पाणी प्यायले, आले. का हो?"

"रेघ हललीच नाही."

बाईंनी पाहिलं. सरळ रेघ. त्या खूप वर्षांनी मोकळेपणी हसल्या. "जन्मभर इतरांना शिकवलं, शेवटी मलाही जमलं म्हणायचं हळू चालायला."

पंपवाले हसले नाहीत.

घरी पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली होती. बातमी कधी एकदा सांगते असं बाईंना झालं होतं. दार उघडं होतं. पुढच्या खोलीत सासूबाई पलंगावर चाचपडत कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

बाई आत आल्या.

सासूबाईंनी मान वर केली नाही.

बाई थांबल्या. मागे जाऊन पुन्हा दारातून आल्या. मग, आयुष्यात पहिल्यांदा, पाय आपटत आल्या. फळीवरच्या कपबशा किणकिणायला हव्या होत्या. किणकिणल्या नाहीत.

सासूबाईंनी एका टॉवेलची घडी घातली. दुसरा हातात घेतला.

आणि तो तसाच राहिला. त्यांचा चेहरा उजळला आणि बाईंना ओलांडून उघड्या दाराकडे वळला.

"आलीस का गं? किती दमलीस आज, पाऊल उचलेना झालंय. ये, बस. आणि दार लाव."

बाईंच्या पाठीमागे दार लागलं. अगदी हळू.