रेडिओच्या वायरीचा सांधा

आजींनी धक्क्यावर खुर्ची टाकली की वायरमनला मान वर करायची सोय उरत नसे.

“फ्यूज कुठं बसवलास?”

“बॅटरीपाशीच, आजी. वीतभर अंतरावर.”

“कुणाच्या वितीने? तुझ्या हाताला तर बोटंच आखूड आहेत.”

वायरमन हसला आणि पुन्हा केबिनमध्ये वाकला. बोट हौसेची, चार माणसांची. आठवड्याभरात नात ती स्वतः बाहेर काढणार होती. म्हणून जुनी वायर सगळी काढून नवी घालायची, ही आजींची अट.

बोटीवरचं आधीचं काम मुलाच्या हातचं, म्हणजे नातीच्या बापाचं. बारा व्होल्ट माणसाला चावत नाहीत, पण बोट जाळायला पुरतात, असं तो म्हणे. त्याच्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी, पट्टीवर नाव: दिवा, पंप, रेडिओ. यंत्रात शिरण्याआधी वायरीला खाली झोल, म्हणजे पाणी आलंच तर झोलावरून टपकून जावं. आणि सांधा नुसता पिळून कधी सोडायचा नाही. तांब्याची नळी दाबायची, वरून रबरी नळी तापवून आवळायची.

तीन वर्षांपूर्वी तो एकटाच बोट घेऊन गेला आणि वारा फिरला. अकराव्या दिवशी बोट सापडली, रिकामी. रेडिओच्या वायरीला पिळलेला सांधा, त्यावर काळी टेप, टेपखाली हिरवं पडलेलं तांबं; मदतीची हाक कुठं पोचलीच नव्हती. तपासणीवाल्यांनी कागदावर एकच शब्द लिहिला, निष्काळजीपणा. त्या शब्दावर आजी काही बोलल्या नाहीत. एरवी भाजीवाल्यालाही न सोडणारी बाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन केबिनमधून बाहेर आला तो चिडूनच.

“आजी, माझ्या कामाला हात कुणी लावला?”

रेडिओच्या नव्या वायरीवर, काल जिथे त्याने नळी आवळली होती तिथे, पिळलेला सांधा होता. वर काळी टेप.

“मला चष्म्याशिवाय ताटातलं दिसत नाही, तुझी वायर कुठली दिसायला?” आजी म्हणाल्या. पण त्यांनी टेप पाहिली आणि पदर आवळून घेतला.

त्याने सांधा पुन्हा केला. निघताना केबिनला कुलूप घातलं, किल्ली आजींच्या कनवटीला.

तिसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं. आत टेप. या खेपेला ती ओली होती. आजींनी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

नात खवळली. “दादा, पैसे घेता आणि टेप गुंडाळता?”

“ताई, पोरांची शपथ. मी टेप आणलीच नाही. पेटी उघडून बघा.”

“मग काय आपोआप झालं? माझ्या बाबांनी अशीच हयगय केली आणि जीव घालवला. तुम्ही मला घालवायला निघालात. उद्यापासून येऊ नका.”

वायरमनने पक्कड पेटीत टाकली. केबिनमधून थेंब पडल्याचा आवाज येत होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि बोटीचा तळ कोरडा होता.

आजी खुर्चीचे हात धरून उठल्या.

“त्याला घालवू नकोस. आणि बापाला नावं ठेवू नकोस.”

“आजी, कागदावर लिहिलंय.”

“कागदाला काय कळतंय! त्या दिवशी रबरी नळी संपली होती. दुकानातून आणतो आणि मग निघतो, म्हणाला. माझा भाऊ पलीकडच्या काठावर ताटकळला होता. मी इथून, या धक्क्यावरून, चार लोकांत ओरडले. बायकांसारखा नटवत बसू नकोस ती वायर, टेप गुंडाळ आणि नीघ.”

“बाबा काय म्हणाले?”

“‘बरं, आई.’ एवढंच.”

“तीन वर्षं, आजी? तीन वर्षं मी त्यांना दोष देतेय.”

नात आजींकडे न बघता पायऱ्या चढून गेली.

केबिनमधला थेंब थांबला होता.

चौथ्या दिवशी आजी एकट्याच आल्या, वायरमनच्या आधी. कुलूप उघडलं. बॅटरीची वायर त्याने काल सोडवून ठेवली होती, ती तशीच होती. पेटीही तो घरी घेऊन गेला होता.

टेप नव्हती.

सांधा नळीने आवळलेला होता. खाली झोल, मोजून दिल्यासारखा. दोन्ही टोकांना पांढरी पट्टी, ‘रेडिओ’. त्यातला र लेकाच्या हातचा, पुढे वाकलेला, शाळेपासून वाकलेला.

आजींनी नळीवर बोटं ठेवली.

गरम होती.

आत्ता आवळलीय, त्यांना वाटलं. गार होईल. त्या तशाच बसल्या. वायरमन आला, हाका मारून दमला. ऊन केबिनच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं.

नळी गार झाली नाही. माणसाचा हात असतो, तेवढीच गरम राहिली.