पाण्यानं सांभाळलेली पळी

तळ्याच्या धक्क्याचा खांब आबांनी नुसता ढकलला आणि तो मोडला. आत सगळा भुसा. दहाच वर्षांपूर्वी रोवलेला! आणि त्याच तळ्याच्या तळातून खंड्याने सकाळी वर आणलेली लाकडी पळी अडीच हजार वर्षांची होती. तिच्यावरच्या सुरीच्या खुणासुद्धा दिसत होत्या.

"असं कसं, आबा?" इंदुजाने विचारलं.

आबा म्हणजे तिचे आजोबा, पुरातत्त्वज्ञ (जुन्या वस्तूंवरून जुनी माणसं ओळखणारे). खंड्या त्यांचा पाण्यात सूर मारणारा यंत्रमानव. स्कॉटलंडच्या या तळ्यात पाण्याखाली गेलेलं एक क्रॅनॉग होतं (खांब, फांद्या आणि दगड रचून माणसांनी केलेलं राहतं बेट). वीजप्रकल्पासाठी तळ्याची पातळी कायमची खाली न्यायची का, हे आज दुपारी ठरणार होतं.

"लाकूड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्राणवायू लागतो," आबा म्हणाले. "धक्क्यावर त्यांची चंगळ. तळाच्या चिखलात मात्र प्राणवायू जवळजवळ नाहीच."

"म्हणजे उपाशी राहिले बिचारे!"

आबा हसत फोन घ्यायला गेले.

पळी आत खोलीत पाण्याच्या टबात होती. घरी आई लाटणं कधी ओलं ठेवत नसे, बुरशी धरते म्हणून. इंदुजाने पळी छान पुसली आणि खिडकीतल्या उन्हात ठेवली. जेवून येते तो काय, पळी वाकडी झालेली आणि दांड्याला उभ्या भेगा!

"खंड्या, सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, तुम्हा माणसांची काही पद्धत असेल."

आबांना तिने रडतरडत सगळं सांगितलं. त्यांनी वाकून दांड्यावरच्या भेगा पाहिल्या.

"लाकूड दिसतं शाबूत, पण आतून विरघळलेलं असतं," ते म्हणाले. "पाण्यानेच त्याला आतून आधार दिलेला असतो. पाणी गेलं की आतल्या बारीक भिंती मिटतात. म्हणून आम्ही आधी त्यात मेणासारखा पदार्थ हळूहळू मुरवतो, मोरावळ्यात पाक मुरतो तसा. मगच वाळवतो."

एवढ्यात पातळीचा निर्णय घेणाऱ्या, प्रकल्पाच्या अधिकारी मोरॅगबाई आल्या.

"पाणी उतरलं की बेट उघडं पडेल. तुमचं काम सोपंच होईल की, डॉक्टर!"

"नाही हो, मावशी!" इंदुजाने डोळे पुसत पळी पुढे केली. "सकाळी ही सरळ होती. मी वाळवली."

खंड्याने 'मावशी'सकट भाषांतर केलं.

मोरॅगबाईंनी भेगेवरून बोट फिरवलं. "सगळ्याचंच असं होईल?"

"खांब, घरांत जमिनीवर अंथरलेला पाला, सगळ्याचंच," आबा म्हणाले. "त्या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही. काय खायचे, कुठलं झाड तोडायचे, ते हा चिखलच सांगतो."

मोरॅगबाईंनी पळी अलगद पाण्याच्या टबात ठेवली. मग म्हणाल्या, "पातळी आहे तिथेच राहील."

त्या गेल्यावर इंदुजाने हळूच विचारलं, "आणि पळी?"

"पळी गेली, इंदू. पण बाकीचं खाली आहे. तू मोठी होशील तेव्हा चिखल न हलवताच आत बघायची युक्ती निघाली असेल. कदाचित तूच काढशील. तोवर राहू दे तिथेच."

खिडकीबाहेर तळं काठोकाठ भरलेलं होतं.