चाँदपाशाचा पुकारा

वाटूर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची टॉकीज होती. आत बायकांसाठी गोणपाटाची आडभिंत, समोर चुन्यानं पांढरी केलेली पडद्याची भिंत, आणि मागं लोखंडी शिडी चढून गेलं की वसंताची केबिन. जालन्याला चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबून वसंता ऑपरेटर झाला होता. मशीन एकच. त्यामुळं दर रिळाच्या शेवटी शिट्ट्या व्हायच्या आणि नवं रीळ चढेपर्यंत त्याच्या नावानं शिव्या. मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळत. दर मिनिटा-दोन मिनिटाला दिव्याच्या बाजूची मूठ फिरवून त्या एकमेकींजवळ आणाव्या लागत. विसरलं की पडदा आधी पिवळा पडायचा, मग काळा. पंधरा वर्षांत वसंता कधी विसरला नव्हता.

बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला खेळ असायचा, आणि त्या खेळाला माणसं आणायचा चाँदपाशा. सायकलीला दोन्ही बाजूंनी फळ्या, फळ्यांवर चित्रं, हातात पत्र्याचा भोंगा. सकाळपासून वाड्यावाड्यांवर फिरायचा. त्याला वाचता येत नव्हतं. वसंता जाहिरात एकदा वाचून दाखवायचा, पुढचं त्याची जीभ बघून घ्यायची.

दोन दोस्तांचा एक जुना काळा-पांढरा पिक्चर होता. एक देवळात जाणारा, एक दर्ग्यावर. ईद आणि दिवाळी एकाच अंगणात, आणि शेवटी एकजण दुसऱ्यासाठी छातीवर गोळी झेलतो. वाटूरला तो वर्षा-दोन वर्षांनी यायचाच. प्रिंटवर रेघांचा पाऊस पडत असायचा, पण लोकांना त्याचं काही नव्हतं. मशीद गल्लीतली आणि मारुतीच्या पारावरची माणसं एकाच सतरंजीवर बसत. गळाभेटीच्या सीनला टोप्या आणि पटके एकदमच वर उडत. बायकांच्या दाराशी बसणारी तुळजाबाई तर पहिल्या रिळापासूनच पदर तोंडाला लावायची.

"वसंता, आपल्या दोघांतला राम कोन अन् रहीम कोन रे?" चाँदपाशा विचारायचा.

"तू रहीम, ते बराबर. पन मी जयभीमवाला. माझ्यासाठी कुनी पिक्चर काढलंच न्हाई."

"मंग आपलंच काढू. पुकारा मी करतो."

शेवटचं रीळ मात्र चाँदपाशानं कधी पाहिलं नाही. ते लागलं की तो बाहेर जाऊन बिडी ओढत बसायचा. "दोस्त मरतो ते काय पाह्यचं?" म्हणायचा. वाड्यांवर तर बिनदिक्कत सांगायचा की दोघं बी जित्ते राहतात. पिक्चर सुटल्यावर लोक त्याला घेरून भांडत आणि पुढच्या वेळी पुन्हा येत.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, दुष्काळ सरता सरता, चाँदपाशाला कावीळ झाली. ती बळावली त्या दिवशी नेमका तोच पिक्चर लागला होता. वसंतानं शेवटचं रीळ चढवलं आणि केबिनच्या दारावर तीन थापा पडल्या. चाँदपाशाची बायको हुसेनबी शिडीवर उभी होती.

"वसंताभाऊ, तुमाला बोलवून राह्यलेत. जल्दी चला."

"हे रीळ झालं की आलोच, भाबी."

ती गेली. रीळ झालं, वसंता सायकल मारत गेला. तोवर चाँदपाशाच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

वसंतानं जनाज्याला खांदा दिला, कबरीवर ओंजळभर काळी माती लोटली. पण त्यानंतर त्या घराचा उंबरा काही त्याच्यानं ओलांडवला नाही. हुसेनबी बाजारात दिसली की तो दुसऱ्या गल्लीनं जायचा. असं वर्ष गेलं.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात तो पिक्चर परत आला. टॉकीजचे मालक अण्णासाहेब कपाळाला हात लावून बसले होते. नवा पुकारेवाला मिळाला नव्हता, फळ्यांवर चित्रंसुद्धा चिकटवली नव्हती.

"रिकामाच जातो आज खेळ," ते म्हणाले.

अडीचला माणसं यायला लागली. आधी चार-दोन, मग बैलगाड्या भरून. लांबच्या वाड्यांवरची, बाजाराला सहसा न येणारी. वसंता दाराशी आला. पलीकडच्या वाडीचा रामकिसन म्हातारा नातवंडं उतरवून घेत होता.

"कुनी सांगितलं तुमाला, कोनता पिक्चर हाये ते?"

"चाँदपाशाभाई आल्ते की सकाळी. भोंगा घेऊन."

"पाह्यलं तुमी?"

"पाह्यलं न्हाई, शेतात व्हतो. आवाज आला. त्येचा आवाज वळखू येत न्हाई व्हय?"

रामकिसनला तो गेल्याचं ठाऊक नव्हतं. वसंतानं सांगितलं नाही. कुणीतरी नक्कल केली असेल, गावात नकलाकार काय कमी होते? भोंगा केबिनमध्येच असायचा. तो वर जाऊन बघून आला. खिळ्याला होता. वर बोटभर धूळ. कोळ्यानं तोंडावर जाळं विणलेलं.

गिरिजाबाई नावाची एक बाई तिसऱ्याच वाडीहून आली होती. वसंतानं तिलाही विचारलं.

"आवंदा येगळंच सांगत व्हते," ती म्हणाली. "म्हनले, शेवट मी बी पाहनार हाये."

तीनला दारं लागली. पत्रा तापून कडकडत होता. वसंतानं कांड्या भिडवल्या, दिवा फुलला. एकेक रीळ जात राहिलं. टोप्या आणि पटके उडाले. केबिनच्या भोकातून तो खाली पाहत होता आणि नेहमीचं सगळं नेहमीसारखंच होतं. घामाचा वास, बिड्यांचा धूर, रडणारी मुलं. त्याला बरं वाटलं.

त्यानं शेवटचं रीळ चढवलं. मूठ फिरवली.

दारावर तीन थापा पडल्या.

त्यानं दार उघडलं. शिडीवर कुणी नव्हतं. खाली रिकामं आवार, ऊन, आणि ओळीनं सोडलेल्या बैलगाड्या.

तो दारात उभा राहिला. मागं मशीन घरघरत होतं. वीस मिनिटांचं रीळ. दोन मिनिटांत पडदा पिवळा पडणार, लोक ओरडणार, अण्णासाहेब कामावरून काढणार.

"आलो," तो म्हणाला, आणि शिडी उतरला.

हुसेनबी ओसरीत ज्वारी पाखडत होती. धापा टाकत आलेल्या वसंताला पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं.

"भाबी, तुमी बोलवलं मला?"

"न्हाई तर."

तो उंबऱ्याच्या आत भुईवर बसला. "मागल्या साली तुमी आल्त्या, अन् मी रीळ पुरं करत बसलो," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

हुसेनबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मी परत येऊन त्यांना तेच सांगितलं. तर हसले. म्हणले, बराबर हाये. लोकं रडत असताना मशीन सोडून आला असता तर मी त्याला घरात घेतलं नसतं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "हे सांगायसाठी मी साल झालं वाट पाहून राह्यले. तुमी गल्ली बदलता."

वसंता खूप वेळ तोंडावर पंचा धरून बसला. वर्षभराचं साचलेलं होतं. मग एकाएकी त्याला मशीनची आठवण झाली.

तो टॉकीजवर पोचला तेव्हा दारं उघडत होती. माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तुळजाबाई नाक ओढत म्हणाली, "आज लई बाई जिवाला लागलं."

अण्णासाहेबांनी वसंताच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे. शेवटच्या रिळाला लाइट एकदा बी हलला न्हाई."

वसंता शिडी चढून वर गेला. दार लावलेलं होतं, जाताना त्यानं तर ते उघडं टाकलं होतं. आत मशीन बंद होतं. रीळ काढून डब्यात ठेवलेलं. दिव्यातल्या कांड्या जळून बोटाएवढ्या उरल्या होत्या, अगदी समोरासमोर, जितक्या उरायला पाहिजेत तितक्याच.

मूठ तापलेली असणार म्हणून त्यानं फडक्यानं धरली. मग फडकं बाजूला केलं. मूठ थंडगार होती.

चार महिने पाऊस नव्हता. वाटूरच्या शिवारात कुठं ओलं ढेकूळ सापडलं नसतं. आणि त्या मुठीवर, चार बोटं आणि एक अंगठा, काळी ओली माती लागलेली होती.