नववी रेघ

कोणी माझं ऐकलं नाही. चौथी शिकलेली, बाटल्या धुणारी बाई. तिचं कोण ऐकतं? आणि भुताखेतांचं म्हणाल, तर छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी आम्ही ते सोडलं. झालं तेवढंच सांगते.

साल चौऱ्याहत्तर, मे महिना. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत डॉक्टर मधुसूदन साहेब कॅन्सरच्या गाठीचे तुकडे चपट्या बाटल्यांत वाढवत. गाठ कन्हानच्या यमुताईची. ती एप्रिलात वारली, गाठ जगत राहिली. तुकड्याभोवती पांढुरकी साय पसरे. रोज दुपारी त्या सायीच्या कडेकडेनं, बाहेरून काचेवर, मेणाच्या पेन्सिलीनं रेघ ओढायची. दिवसाला एक. साहेब बजावत, "वाढीची रेघ चुकवायची नाही, इंदूबाई." मी विधवा, घर त्या नोकरीवर. कधी चुकवली नाही.

त्या रविवारी नवी बाटली होती, पहिलाच दिवस. बाटल्या ठेवायच्या गरम खोलीत गेले. गरम म्हणजे अंगाइतकी; बाहेरच्या उन्हातून आलं की गारच वाटायची. दाराशी चपराशी शालिकराम बिडी पेटवत होता. रेघ ओढली, वळले, तर दार उघडेना.

"शालिकराम, उघड ना गा!"

तीन थापा मारल्या. मागे फळीवर काच वाजली... तीनदा.

बल्ब पिवळा पडला. आंबूस वास घशात बसला. बाटली पाहिली तर साय रेघेबाहेर आलेली. दुसरी रेघ ओढली. सवयच ती. साय पुन्हा बाहेर. तिसरी. चौथी. मध्ये किती वेळ जाई कळेना. भूक लागून मेली, जीभ टाळूला चिकटली, दोनदा डोळा लागला. दाराला नखं लावून रडले. आठवी रेघ ओढली आणि पेन्सिल संपली.

फळीकडे वळून विचारलं, "कोण हाय वं?... तुले बी बाहेर जायचं हाय?"

काच वाजली. एकदाच, हळू.

आणि दार उघडलं.

"काहून गा, इतके दिवस कुठं मेला होतास?"

"कोनते दिवस वं बाई? आत्ताच तं गेली आत. ऊन लागलं का तुले?" शालिकराम हसला. त्याची बिडी अर्धीही जळली नव्हती.

सोमवारी शालिकरामकडून सगळं ऐकून साहेबांनी बाटली उजेडाला धरली. साय पहिल्या रेघेच्या आतच, गुमान बसलेली.

"एका बिडीत आठ दिवसांची वाढ? मनानंच रेघा ओढल्यात तुम्ही."

"साहेब, दार बंद होतं..."

"पुरे."

त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. माझ्या आठही रेघा पुसल्या गेल्या. पार बाटलीच्या तोंडाशी आणखी एक होती. ती पुसेना. साहेबांनी घासली, नखानं खरवडली. रेघ काचेच्या आतल्या अंगाला होती, आणि बूच मेणानं बंद.

बाटली कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता कागद घेतला आणि प्रयोग नासवणाऱ्याचं नाव लिहिलं: इंदूबाई रुपराव मेश्राम.