पाळण्याचा ठेका

कुर्रर्र... पाळण्याची कडी कुरकुरली आणि प्रयोगशाळेतली शांतता मोडली. पाळणा तिथे कुठेच नव्हता. आवाज येत होता तो चार वर्षांपूर्वी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणातून. पाठोपाठ एक बाई बाळाशी बोलू लागली, "असं का गं? भूक लागली माझ्या जुईला? थांब हं, आलेच." सगळं सलग, कुठेही न अडखळता.

ती बाई म्हणजे डॉ. त्रिवेणी उपासनी. स्वतःचं नाव सांगतानाही जिची जीभ 'त'वर अडून बसायची, ती. आत्ता ती स्वतःचाच आवाज परक्यासारखा ऐकत होती.

"सापडलं," डॉ. नसीमा मुजावर म्हणाली. मेंदूचे संकेत वाचणं हा तिचा प्रांत. "शब्द तुझ्याकडे तयार असतो. पण डाव्या मेंदूतले तंतू विरळ, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशीगुच्छांकडून 'आता बोल' हा आरंभ-संकेत वेळेवर पोचत नाही. एसटी भरलेली, ड्रायव्हर जागेवर, फक्त कंडक्टर घंटी द्यायला विसरतो."

"म्ह-म्हणून तर कानात बाहेरचा टकटक ठेका दिला होता."

"आणि आठवड्यात तुझा मेंदू त्याला सरावला. परका ठेका बोथट होतो. हा तुझा स्वतःचा आहे. जुईशी बोलताना तुझी घंटी बरोबर वाजते. तोच संकेत या मुद्रणातून उचलून कानामागे चिकटवायच्या छोट्या यंत्रातून, आरंभकातून, परत द्यायचा." नसीमानं ध्वनिमुद्रण बंद केलं. "एक सांगून ठेवते. मेंदूतला जोड दोन्हीकडून बसतो, बाई. जुईचा ठेका परक्यांशी बोलायला वापरलास, तर परक्यांशी बोलतानाचं काय जुईकडे येईल, ते मला मोजता येणार नाही."

"आ-आल्यावर बघू."

"अडखळतेस तेच बरं आहे गं. नाहीतर आमचं जगणं मुश्कील केलं असतंस."

त्रिवेणी हसली, पण तिचं ठरलं होतं. प्रौढांवरच्या चाचणीला मान्यता समितीचा होकार हवा होता. आजवर तिचे निबंध दुसऱ्यांनी वाचले आणि ती शेजारी बसून माना डोलवत राहिली. शाळेत बाईंनी, मुलाखतीत साहेबांनी, लग्नात उखाणा अडला तेव्हा चुलत सासूबाईंनी, सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: घाबरू नकोस. परवा तर जुईनंच वाण्याला समजावलं, "काका, माझी आई तुम्हाला घाबरते, म्हणून अडकते." पाळणाघरात कुणीतरी शिकवलं असणार. त्रिवेणी कधीच घाबरली नव्हती. तेवढंच तिला एकदा आपल्या तोंडानं सांगायचं होतं.

समितीची बैठक पडद्यावर होती आणि पाळणाघराला नेमकी सुट्टी. जुई टेबलाखाली खडू घेऊन बसली. त्रिवेणीनं कानामागे आरंभक चिकटवला.

"सावकाश, डॉ. उपासनी. घाबरू नका," अध्यक्ष म्हणाले.

"मी घाबरलेले नाही, सर." वाक्य आलं आणि पूर्ण झालं. "प्रौढांचं अडखळणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. तो वेळेचा प्रश्न आहे, आणि वेळ दुरुस्त करता येते."

ती बोलत राहिली. विरळ तंतूंबद्दल, काही घराण्यांत उतरत येणाऱ्या दोषाबद्दल, अजून न कळलेल्या कितीतरी गोष्टींबद्दल. कुणीतरी धोका विचारला, तेव्हा तिनं नसीमाची शंकाही लपवली नाही.

"मान्य," शेवटी अध्यक्ष म्हणाले. "का कोण जाणे, कुणी मांडीवर घेऊन समजावल्यासारखं वाटलं."

पडदा विझला. त्रिवेणीनं आरंभक सोलून काढला. टेबलाखालचा खडू केव्हाचा थांबला होता.

"आई, ते माझं बोलणं होतं," जुई म्हणाली.

त्रिवेणीनं तिला उचलून मांडीवर घेतलं. इथे तिला कधीच कुठलं यंत्र लागलं नव्हतं.

"जु..."

जीभ टाळूला चिकटली.

"जु-जु..."

शब्द तयार होता. मेंदू मात्र घंटीसाठी कानामागे वाट बघत होता, आणि तिथे आता काहीच नव्हतं.

जुईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. वाण्याच्या दुकानात बघायची, तसंच नीट बघितलं.

"आई, तू आता मलापण घाबरतेस?"