लाल दस्तीची ओळ

हे खरं आहे. माझ्यासोबतच झालंय, मैत्रिणीच्या मैत्रिणीसोबत नाही. मी राजनंदिनी, दहावीत. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून.

ह्याच डिसेंबरातला रविवार. डोंगरकडा गावाच्या मागचे आडरस्ते.

पप्पांनी बॅटरीच्या स्कुटीची चावी पहिल्यांदाच माझ्या हातात दिली होती. अट एकच. पाचच्या आत घरी. नाहीतर चावी परत, थेट बारावीपर्यंत!

मामेबहीण राणी मागं बसली. द्राक्षबाग शोधून व्हिडिओ करायचा होता. पण जिकडं बघावं तिकडं केळीच! तीनदा रस्ता चुकलो. एकदा तर सरळ कुणाच्या तरी गोठ्यात.

"मोठी आली ड्रायव्हर! आता म्हशीलाच इचार रस्ता," राणी म्हणाली.

डोकं नुसतं तापलं होतं.

दोन वाजता बाग सापडली. बाया कैचीनं घडांतले बारके मणी छाटता छाटता आत्ताच जेवायला उठल्या होत्या. जिथं काम थांबलं तिथं प्रत्येकीनं तारेला आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधलेली.

त्यांतल्या म्हाताऱ्या कमलबाई म्हणाल्या, "हिंडा पोरींनो. पण दस्तीला हात लावू नका. जिची ओळ तिनंच पुरी करायची."

मी "व्हय" म्हणाले.

राणी सावलीत बसली. मी एकटीच आत गेले. एका ओळीत लाल दस्ती बरोबर मोबाईलसमोर लोंबत होती. मेहनत करून इथवर आले आणि हिचंच मधे मधे!

मी तिची गाठ सोडली.

कच...

कच... कच...

पलीकडच्या बाजूनं कैचीचा आवाज.

"मावशी?"

आवाज थांबला. वेलींखालून वाकून बघितलं... दोन अनवाणी पाय. माझ्याकडंच तोंड करून.

मी निघाले. पायही निघाले.

मी थांबले. तेही थांबले.

राणीची हाक अगदी जवळून येत होती. पण ओळ संपेचना. चालतेय, चालतेय... रडू नाही, राग येत होता. एवढीशी बाग आणि बाहेर पडता येऊ नये?

मग एकदम बांध दिसला. मला वाटलं, दहा मिनिटं झाली असतील.

सूर्य बुडाला होता.

राणी रडून रडून लाल. "कुठं गेलतीस? सगळ्या ओळी दोनदा पाहिल्या आमी!"

कमलबाईंनी माझा उजवा हात उलटा केला. अंगठ्यावर टपोरा फोड. मी जन्मात बागेतली कैची धरली नव्हती.

"लाल सोडलीस व्हय? ती आमच्यातल्या कुणाचीच न्हाई, लेकरा."

एक बाई ओळीत डोकावून आली. हळूच म्हणाली, "ओळ अर्धी छाटून झाली."

चावी गेली. पप्पा म्हणाले, "झोप लागली म्हण, विषय संपला." मी आठ दिवस खरंच सांगत राहिले. कुणी ऐकेल तर शपथ! आई म्हणे ऊन लागलं. डिसेंबरात!

शेवटी कंटाळून परवा खोटं बोलले. "हो, झोप लागली होती."

चावी मिळाली. खूप चिडचिड झाली, स्वतःवरच.

जुना फोड तोवर सुकला होता.

आज सकाळी ब्रश हातात घेतला... आणि अंगठा ठणकला.

शेजारीच नवा फोड आहे.