दहावा स्क्रू

"मेकॅनिक कुठं भेटतील?" शहागंजातल्या 'सृष्टी लॅपटॉप दुरुस्ती' या पाटीखालून आत शिरत देवेशनं विचारलं.

टेबलामागच्या मुलीनं मान वर केली. "भेटलेत की. मीच सृष्टी. बसा."

तो गडबडला... आणि समोरच्या स्टुलावर बसला. त्याचा सडपातळ लॅपटॉप सुरूच होत नव्हता. मेमरीची एक चिप गेली होती, आणि ती थेट बोर्डालाच सोल्डर केलेली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले होते, आख्खा बोर्ड बदला; फायली साठवणारी चिपही त्याच बोर्डावर, तेव्हा त्यावरचं सगळं जाईल. सगळं म्हणजे शहरातल्या जुन्या नहरींचे, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या त्या वाटांचे नकाशे. तीन वर्षं खपून काढलेले, आणि शहाण्यानं दुसरी प्रत ठेवलेली नव्हती.

"घेताना इचारलं नाय व्हय, मेमरी बदलता येते का म्हणून?"

"हलका आहे... बॅटरीही दिवसभर पुरते."

"ते खरंय. पर एवढीशी चिप गेली, की समदंच फेका म्हणतात."

तिच्या दुकानाचा एक नियम होता. मशीन मालकाच्या डोळ्यांदेखत उघडायचं, आणि शेवटचा स्क्रू बसेपर्यंत मालकानं समोरून हलायचं नाही. पार्ट बदलला, असं मागून कुणी म्हणायला नको.

"हात थरथरला तर?" त्यानं हळूच विचारलं.

"फुलंब्रीला मेंढरं हायेत आमची. तडफडत्या कोकराच्या खुरातला काटा काढत मोठी झाले मी."

तिनं गरम हवेची नळी चिपवर धरली. जरा हात सरकला असता, तर तीन वर्षं गेली असती. चिप अलगद सुटली. तासाभरानं नवी बसली, तिनं बटण दाबलं — आणि पडद्यावर नहरी उमटल्या!

"आख्ख्या शहागंजात हे काम मी एकटीच करते," ती म्हणाली. अभिमान लपवायची तिला सवयच नव्हती, आणि तो तिला शोभतही होता.

देवेश पडदा सोडून तिच्याकडंच पाहत होता. तिचे कान तापले.

मग चहा आला. तो नहरींबद्दल सांगत राहिला, ती मागच्या झाकणाचे स्क्रू लावत ऐकत राहिली.

"झालं का?" शेवटी त्यानं विचारलं.

"नाय... एक स्क्रू राहिलाय."

"माहितीय. दहा होते. नववा लावून अर्धा तास झाला." तो हसला. "दहावा तुमच्या डाव्या मुठीत आहे."

सृष्टी लाजली, पण मान खाली घातली नाही. "मंग बोलला का नाय?"

"तो बसला असता, तर मला उठावं लागलं असतं. उद्या यायला कारण कुठून आणू? ...आवडलात तुम्ही मला."

तिनं मूठ उघडली. स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा घेऊन जा. उद्या घेऊन या... मीच लावीन."

तिच्या दुकानातून पहिल्यांदाच एक मशीन नऊ स्क्रूंवर बाहेर पडलं. आणि तिला त्याचाही अभिमानच वाटला.